नाथाजी मुकादमाच्या घरचा विस्तव

रहिमतपुरात आग लागली की आधी बोंब व्हायची, मग गाडीला जुंपायला बैल शोधायचे, मग नाथाजी मुकादम नगरपालिकेचा हातबंब घेऊन निघायचा. आणि तो पोचेपर्यंत विझवायला राखच उरलेली असायची. लोक हसायचे. नाथाजीही हसायचा. पहिल्या लढाईत मेसोपोटेमिया बघून आलेला पेन्शनीतला गडी तो, हसण्यानं त्याचं काय जाणार?

पण राख झाली म्हणून तो परतायचा नाही. काठीनं उकरत बसायचा. आग कशानं लागली हे कळल्याखेरीज त्याला भाकर गोड लागत नसे. मांजरानं चिमणी पाडली, कुणी विडीचं थोटूक उसाच्या पाचटात टाकलं, गुऱ्हाळातून ठिणगी उडाली, सगळं त्याला तोंडपाठ. कुणी "देवीचा कोप" म्हटलं की मात्र त्याचं डोकं फिरायचं. "देवीला दुसरा उद्योग न्हाई व्हय रं?"

त्याच्या स्वतःच्या घरचा विस्तव गल्लीत मानाचा होता. बायको राहीबाई चुलीतला निखारा राखेत पुरून जपायची; लग्न होऊन आल्यापासून बावीस वर्षांत तिची चूल एकदाही थंड पडली नव्हती. त्रेचाळीस साली लढाईपायी काडेपेटी दिसेनाशी झाली, तशी दिवेलागणीला अख्खी गल्ली तिच्या दारात. गोवरीच्या तुकड्यावर निखारा घ्यायचा आणि पदराआड धरून चालू लागायचं. विस्तव मागायला आलेलीला नाही म्हणू नये असा रिवाज, आणि राहीबाईला तर त्याचा केवढा दिमाख! नाथाजीलाही होताच.

त्या चैत्रात पंधरा दिवसांत कडब्याच्या तीन गंज्या जळाल्या. गल्लीचं बोट गेलं हरणाबाईकडे. माणदेशातून मेंढरं घेऊन आलेली ही धनगराची विधवा गल्लीच्या टोकाला झोपडीत राहायची. ती कुणाकडे विस्तव मागत नसे. कमरेच्या पिशवीतली चकमक काढायची, गारगोटीवर पोलादाचा तुकडा हाणायची आणि उडालेली ठिणगी कापसावर धरायची. गल्लीच्या संशयाला एवढं पुरलं.

"दगडातनं आग काढती ती बाई," भाऊसो म्हणाला. पहिली गंजी त्याचीच गेली होती. सोमवारी देवळापुढं बसायचं आणि तिला गल्लीतून उठवायचं, असं ठरलं.

हरणाबाई नाथाजीकडे आली. "मुकादम, माझा जोतीराम पलटणीत हाय. त्येला ह्योच ठिकाणा धाडलाय. रजेवर आला तर मला कुठं हुडकंल वो?"

नाथाजी लढाईवरून परतला होता तेव्हा त्याची आई दारातच उभी होती.

तिन्ही आगी दिवेलागणीच्या होत्या आणि तिन्ही गल्लीच्या वळणावरच्या. म्हणून रविवारी संध्याकाळी तो त्या वळणावर जाऊन उभा राहिला. शेजारची रंगूबाई निखारा घेऊन आली, वळली, आणि माळावरचं वारं तिच्या पदरात शिरलं. दोन ठिणग्या सुटल्या आणि दादासोच्या कडब्यात जाऊन बसल्या. नाथाजीनं धावत जाऊन त्या बुटाखाली चिरडल्या. रंगूबाईला पत्ताच नाही, ती आपली पुढं निघून गेली.

तिच्या हातातला निखारा कुणाच्या चुलीतला? नाथाजीच्याच. साऱ्या गावाची राख उकरली आणि घरची चूल तेवढी दिसली नाही! त्याला स्वतःचीच लाज वाटली. गप्प बसावं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

सोमवारी तो देवळापुढं उभा राहिला. "गंज्या माज्या घरच्या इस्तवानं जळल्या. काल वळणावर मी डोळ्यांनी ठिणग्या बघितल्या. माज्या चुलीचा इस्तू न नेणारं घर गल्लीत येकच, हरणाबाईचं. तिला उठवायचं तर आदी मला उठवा."

भाऊसो खाली बघू लागला. त्याची बायकोही रोज गोवरी घेऊन यायची. बायकांतून राहीबाई उठली आणि कुणाकडे न बघता तडक घरी गेली.

मागोमाग नाथाजी पोचला तर चुलीतून वाफ निघत होती. तिनं तांब्याभर पाणी ओतलं होतं.

"आवं, बावीस वर्सं!" एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. नाथाजी तिच्या शेजारी जाऊन बसला.

सकाळी चूल गार, भाकरी कुठली? राहीबाईनं एक गाडगं घेतलं, त्यावर झाकणी ठेवली आणि गल्लीच्या टोकाला गेली.

"हरणाक्का, इस्तू दे गं. झाकून नेती."

हरणाबाईनं कमरेची चकमक काढली. तोवर राहीबाईच्या मागं रंगूबाई गाडगं घेऊन उभी, आणि तिच्यामागं भाऊसोची बायको.

वारं तेच, वळण तेच, पण त्या वर्षात पुन्हा एकही गंजी जळली नाही. बंबाला कोळ्यांनी जाळी केली. बिनकामाचा मुकादम म्हणून लोक हसायचे आणि नाथाजी त्यांच्याहून जास्त हसायचा.

दिवाळीच्या तोंडावर खाकीतला एक जवान वळणावर आला. ओट्यावर बसलेल्या भाऊसोला त्यानं विचारलं, "हरणाबाई धनगरीण हितं कुठं ऱ्हाती वो?"

भाऊसोनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "जोतीराम न्हवं तू? त्या बग, गाडगी घिऊन बायका हुब्या हायत्या न्हवं, तितंच तुजी आई."