ओवाळणीतले सोळा बिल्ले

लढाईच्या दिवसांत जालन्यात सुटे पैसे असे गायब झाले, की निजाम सरकारचा हाली रुपया मोडून मिळेना. ज्याच्या किराणा दुकानात मी मापाडी होतो, त्या शेठने शक्कल लढवली. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून गोल बिल्ले पाडले, वर तराजूचा ठसा मारला आणि हा एक आणा, असं जाहीर करून टाकलं. वर पुन्हा दुकानामागच्या पडवीला टाकसाळ म्हणायचा, तेही न हसता.

गावही काही कमी नव्हतं. न्हावी, भाजीवाली, पिठाची गिरणी, सगळ्यांनी तो पत्रा मुकाट्यानं घेतला. देवळाच्या पेटीत बिल्ले पडू लागले आणि पुजारी तेच घेऊन साखरेला आमच्याकडे यायचा. सगळ्यात मोठा शहाणा मी. पगार बिल्ल्यांतच मिळायचा आणि शेठचा शब्द सरकारी शिक्क्याहून खरा, असं मी चौकात छाती काढून सांगायचो. गादीवर शेठ बसायचा आणि माज मला चढला होता.

त्या साली धाकट्या बहिणीची लग्नानंतरची पहिली भाऊबीज होती. तिला जाफराबादला दिलेली. सासू येताजाता माहेर काढणारी. भाऊ ताटात काय घालतो, त्यावर तिचे त्या घरातले दिवस कसे जाणार हे ठरणार होतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. शेजारी म्हणाला, "माझा एक हाली रुपया घेऊन जा, सवडीनं दे." मी त्यालाच हसलो. राखेनं घासून सोळा बिल्ले लख्ख केले आणि कपाशी उतरवून परत निघालेल्या बैलगाडीत बसून जाफराबाद गाठलं.

बहिणीनं ओवाळलं. आळीतल्या बायका बघायला जमल्या होत्या, म्हणून मी मुद्दाम वाजवत एकेक बिल्ला ताटात टाकला. सासूनं एक उचलला, उलटासुलटा करून पाहिला.

"पावणं, हे काय हाय?"

"आमच्या शेठचा आणा हाय. जालन्यात बराबर चालतो."

"मंग जालन्यातच ओवाळून घ्यायचं व्हतं."

बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण मला कुठली अक्कल. दुकानात दाखवला की गूळ मिळतो, साबण मिळतो, असं मी समजावत बसलो. सासूनं सोळाही बिल्ले गोळा करून माझ्या हातावर ठेवले. बहिणीची मान खाली ती खालीच.

जेवण कसंबसं उरकलं. निघताना ती दारापर्यंत आली. रडेल, असं मला वाटलं होतं. डोळे कोरडे होते.

"दादा, पुढल्या साली येऊ नको," ती म्हणाली. "भाऊ आजारी हाय म्हणून सांगीन मी."