डब्यात चॉकलेटं होती

पहिला दगड माझ्या मित्राच्या कानावर बसला. पडक्या विहिरीच्या कठड्यात हात घालून तो वाकला होता. आवाज मला आधी ऐकू आला, रक्त नंतर दिसलं.

आम्ही दोघं जिओकॅशिंग करायचो. कुणीतरी एक डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे, इतरांनी तो शोधून आतल्या वहीत सही करायची आणि डबा जागच्या जागी ठेवायचा. मी लातुरात कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचो. मित्राचं औशाला घड्याळदुरुस्तीचं दुकान, आजोबांपासूनचं. त्याच्या भावानं आखातातून जीपीएसचं यंत्र आणलं होतं. त्यावरचे आकडे समजून घ्यायला तो माझ्याकडे आला आणि मलाच नाद लागला.

नाद लागायला कारण होतं. भूकंपात आमचं गाव गेलं तेव्हा मी नववीत होतो, शिकायला मामाकडं. दुपारी मामा आणि मी आमचं घर शोधत होतो आणि ते सापडत नव्हतं. गल्लीच उरली नव्हती, नुसते दगड. एका ढिगावर आम्ही तीन तास पहारी मारल्या. खालून निघाली ती शेजारची माणसं. माझी आई पलीकडच्या ढिगात होती. पुढं जागा बिनचूक दाखवणारं यंत्र हातात आलं, तेव्हा मला ते खाली ठेववेना.

सुरुवातीला आमच्या भागात आम्हा दोघांशिवाय हे करणारं कुणी माहीत नव्हतं. उपग्रह सापडेपर्यंत यंत्र धरून माळावर उभं राहायचं. कंधारकडं गेलो की शेतातली माणसं विचारायची, "सायेब, रस्ता यायलाय का?" आणि चहा पाजायची. कुणी लेकरांना घेऊन डबा शोधायला आलं तर त्यांच्यासाठी आत गोट्या, शिट्टी, चॉकलेटं ठेवायचो.

मग लातुरात गल्लोगल्ली क्लास झाले, वसतिगृहं भरली, प्रत्येकाच्या हाती मोबाईल आला. यंत्राची गरज संपली. डबे भराभर सापडू लागले आणि तितकेच फुटू लागले. कुणी दगडानं चेपून टाकायचं, कुणी वही जाळून त्याचा व्हिडिओ टाकायचं. आम्ही नवे डबे ठेवत राहिलो. त्याच मोबाईलवर मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज आले. आम्हीही ते वाचले आणि पुसून टाकले.

तो रविवार होता. औशापासून थोड्या अंतरावरच्या गावात, त्या पडक्या विहिरीच्या कठड्यातला डबा बदलायला गेलो होतो. दगड लागल्यावर मित्राच्या हातून डबा पडला, झाकण उघडलं. एका माणसानं वाकून पाहिलं.

"चॉकलेटं हायत! पोरं धरणारेच हायत हे!"

बघता बघता वीस-पंचवीस जण झाले. त्यांनी मित्राला नाव विचारलं. त्यानं खरं सांगितलं. त्यानंतर काठ्या त्याच्याकडंच वळल्या. "क्लासचा मास्तर आहे मी, ओळखपत्र बघा," असं मी ओरडत होतो. कुणी बघत नव्हतं. मित्र खाली पडला, पोटात लाथा बसू लागल्या. मी स्टीलचा डबा उचलला आणि ओरडणाऱ्या त्या माणसाच्या तोंडावर सगळी ताकद लावून मारला. त्याचे दात तुटले. त्या क्षणी मला बरं वाटलं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पोलीस पाटलानं आम्हाला ओढून ग्रामपंचायतीत कोंडलं आणि स्वतः दाराबाहेर उभा राहिला. पोलिसांची गाडी येईपर्यंत तासभर पत्र्याच्या दारावर दगड आदळत होते. आत मित्र माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणत होता, "सर, काहीतरी बोला ना." मी बोलतच होतो. त्याला ऐकू येत नव्हतं.

डावा कान कायमचा गेला. आता घड्याळ चालतंय का हे तो उजव्या कानाला लावून बघतो.

पुढच्या वर्षी क्लासमध्ये पालकांची सभा होती. मुलीबरोबर एक बाप आला, पुढचे दात नसलेला. आम्ही एकमेकांना लगेच ओळखलं. मुलीला त्यानं पाणी आणायला पाठवलं.

"तुमीच ना, सर?"

"हो."

"मेसेज आल्ता हो. आमाला खरंच वाटलं."

"त्याचा कान गेला."

त्यानं दाराकडं पाहिलं, मुलगी अजून आली नव्हती. "मी जाऊन भेटू का त्यांना?"

संध्याकाळी मी औशाला गेलो, मित्राच्या उजव्या बाजूला बसून विचारलं. तो भिंग डोळ्याला लावून काम करत होता. मान वर न करता म्हणाला, "नको, सर. दुकानात सगळी काच आहे."

त्यानंतरच्या आठवड्यांत राहिलेले डबे मी एकट्यानं उचलून आणले. मित्र पुन्हा आला नाही. आता पुण्याहून नोकरदार पोरं गाडीनं येतात, डब्यांऐवजी करंगळीएवढ्या चुंबकाच्या नळ्या महामार्गावरच्या खांबांना चिकटवतात, गाडीतून न उतरता सही करतात. त्यांना गावात शिरावं लागत नाही.

ती मुलगी वर्षभर पहिल्या बाकावर बसली. हुशार होती, शंका विचारायची. मी प्रत्येक शंका नीट समजावून सांगितली. पण फळ्याकडं वळलो की माझी मूठ आवळलेली असायची, आणि ती सैल व्हायला वेळ लागायचा.