नरसक्काची सोलापुरी तेलुगू

पत्रकांचा गठ्ठा घेऊन प्रेसमधून बाहेर पडत होते, तेव्हा आईचा फोन आला. "नरसक्का गेली गं..." पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं : आपली तेलुगू जगवा. ती जगवणारी बाई विड्या वळता वळता गेली होती, आणि मी रस्त्यावर शाईचा वास घेत उभी.

नरसक्का आमच्या नात्यातली नव्हे. सोलापुरात पूर्व भागातल्या आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून राहायची. दारावरून कुणीही गेलं की "रा, कूसो," म्हणजे ये, बस. पोस्टमनलाही तेच. तो बसायचाही.

आमच्या पणज्या तेलंगणातून येऊन इथल्या मागांवर खपल्या, तरी शाळेत, ऑफिसात आम्हाला विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? आणि तिकडं तेलंगणात गेलं तर आणखी मजा. एका लग्नात अक्का बोलायला लागली तशा तिथल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, ह्यात निम्मं मराठीच आहे. ताटावरचा हात न उचलता अक्कानं आपल्या त्याच तेलुगूत सुनावलं, "निम्मं न्हाय, लागतं तेवढंच हाय. आमच्या सोलापुरात असंच बोलत्यात. तू भात वाढ."

मी आज तेच सांगते. तेलुगू बोलल्यानं आमचं सोलापूरकर असणं कमी होत नाही, आणि मराठी मिसळल्यानं तेलुगू बाटत नाही. ज्यांना शुद्ध हवी, त्यांनी ती कपाटात ठेवावी.

नवरात्राच्या सुमाराला आमच्या बायका तरवड-कुरडूच्या फुलांचे थर रचून बतुकम्मा देवी उभी करतात आणि टाळ्या देत तिच्याभोवती फेर धरतात. गाणं अक्का सांगायची, बाकीच्या मागून म्हणायच्या. ओळ आठवली नाही की समोर दिसेल ती बाई गाण्यात घालायची... लक्ष्मीच्या सुनेनं नवी साडी घेतली, सासूला दाखवली नाही. सून हसायची, सासू फुगायची, फेर थांबायचा नाही.

अक्काच्या दहाव्याला आमच्या नवरात्र मंडळाचे अध्यक्ष आले. फोटोला हार घातला आणि तिथंच म्हणाले, "आता अक्का नाहीत. ह्या वर्षी हैदराबादची गाणी स्पीकरवर लावू. भाषा पण शुद्ध असते." माझ्या तोंडात अख्खं पत्रक आलं होतं. पण बोलली माझी आई, जी आयुष्यभर मागून म्हणणाऱ्यांत उभी राहिली.

"स्पीकरला आमची नावं ठावं हायत का, अण्णा?"

"मग सांगणार कोण?"

"मी सांगते की. चुकंल तितं चुकंल."

अक्काच्या खोलीची किल्ली तिच्या लेकानं आमच्याकडे ठेवलीय. रोज संध्याकाळी तिथं बायका जमतात. तिचं विड्या वळायचं सूप भिंतीला टेकवून जागा करतात. तंबाखूचा वास अजून गेलेला नाही. आई ओळ सांगते, अडते, पुन्हा सांगते. परवा मंडळानं स्पीकर पाठवून दिलाच. खोलीत सगळ्यांना जागा पुरत नव्हती... आता दोघीजणी त्याच्यावर बसून गातात.