हात न लावता लिहिलेलं दुखणं

"धोतर सोड. तिथूनच दाखव."

डाक्टर खुर्चीतून उठला नाही. बाकावर सहा माणसं बसलेली. त्यांच्यासमोर मी धोतर सोडलं.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. मी चवथी शिकलेला, कर्जतच्या बाजारात पोती वाहणारा. अंडाची पिशवी नारळाएवढी सुजली होती. महिनाभर बायकोलाही सांगितलं नव्हतं. शेवटी नगरचा दवाखाना गाठला.

माझ्या आधी आमच्याच गावचा बागायतदार होता. त्याला "या अण्णा" म्हणत पडद्याआड नेलं. फटीतून सगळं दिसत होतं. डाक्टरनं हातानं चाचपलं, सुजेमागं बॅटरी धरली. "लाल उजेड आरपार येतोय. नुसतं पाणी आहे, घाबरू नका."

मला नाव विचारलं. आडनाव विचारलं.

"राहायला कुठं?"

"बौद्धवस्तीत."

पुढं आलेला डाक्टरचा हात मागं, टेबलाखाली गेला.

"सायब, निजलो की बसतंय. खोकलो की परत उतरतंय."

"डॉक्टर तू का मी? पाणीच आहे."

अण्णाच्या कागदावर लिहिलं तेच माझ्याही कागदावर लिहिलं. हायड्रोसिल. सुईनं पाणी काढायचं.

आतल्या टेबलावर निजलो. सूज निम्मी बसली. आत गुरगुरलं, भुकेल्या पोटात गुरगुरतं तसं. हे पाणी न्हाई. हे माझं आतडं हाय. अन् सुई त्यातच जाणार.

तरी वाटलं, गप पडावं. शिकलेल्या माणसानं लिहिलंय. जन्मभर असाच गप पडत आलो होतो.

डाक्टरनं चिमट्यानं कापूस फिरवला. सुई जवळ आली.

मी त्याचं मनगट धरलं. जन्मात पहिल्यांदा आपणहून सायबाला शिवलो.

"हात सोड!"

"आदी बॅटरी लावा. अण्णाला लावली तशी."

शेवटी ट्रे धरून उभ्या सिस्टरनं लावली. उजेड पलीकडं आलाच नाही. "खोका बाबा," ती म्हणाली. खोकलो. तिनं हात ठेवून पाहिलं. हळूच बोलली, "सर, हर्निया आहे. आतडं उतरलंय."

डाक्टरनं सुई ट्रेमध्ये टाकली. "ऑपरेशनला नंतर ये. जा आता."

कागदावर हायड्रोसिल तसंच.

"ते खोडा. हात लावून बगा, मग नवं लिवा."

"शिपायाला बोलावू?"

"बोलवा."

शिपाई आला. मी उघडाच, टेबलाच्या कडा धरून पडलेला. भीतीनं दात वाजत होते. सुई बघितली की अजून वाजतात. वाजू देत. पण मेलो तरी चालंल, माझ्या अंगाला न शिवता माझं दुखणं कुणी लिहायचं नाही.