अल्हाम्ब्राच्या दारातून मागे

स्पेनमधल्या ग्रानाडाचा अल्हाम्ब्रा राजवाडा बघायला आम्हाला दुपारी दोनची वेळ मिळाली होती. दारावरच्या बाईंनी पासपोर्ट मागितले, म्हणून मी गळ्याशी हात नेला. पाउच नव्हतं.

"तुझ्याकडेच होतं ना?" नवरा म्हणाला.

त्यात आम्हा दोघांचे भारतीय पासपोर्ट होते आणि त्यांत अमेरिकेचे व्हिसा. ते गेले तर आधी माद्रिदला नवे पासपोर्ट, मग व्हिसासाठी पुन्हा मुलाखत. नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण वडिलांच्या आजारपणात पुण्याला गेला होता. व्हिसा अडकला, महिने गेले, शेवटी नोकरी गेली. अमेरिकेत आमच्याच गावातलं, अल्फारेटातलं त्याचं घर मित्रांनी आवरलं. भांडी मीच खोक्यांत भरली होती. आता तीच खोकी डोळ्यांपुढे येऊ लागली.

आमची आठ वर्षांची लेक अमेरिकेत जन्मलेली. तिचा पासपोर्ट तिच्याच सॅकमध्ये होता. ती आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

"सो आय कॅन गो होम, बट यू कान्ट?"

नवऱ्याने तोंड फिरवलं. "तसं काही होणार नाही, बाळा," मी म्हणाले, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

उतार उतरताना आठवलं. सकाळी समोरच्या टेकडीवरच्या जुन्या वस्तीत एका दुकानात आम्ही चुरोज, म्हणजे तळलेल्या गोड कांड्या, खाल्ले होते. उकडत होतं, म्हणून मी पाउच काढून खुर्चीला अडकवलं होतं. आम्ही तिकडे धावलो. पांढऱ्या भिंती, पायाखाली गोटे, सगळ्या गल्ल्या सारख्याच. तीनदा रस्ता चुकल्यावर दुकान सापडलं, तर शटर खाली. शेजारच्या आजोबांनी पाच बोटं दाखवली. पाच वाजता उघडणार!

सव्वादोन तास आम्ही पायरीवर बसलो. नवरा फोनवर वकिलातीचं पान वाचत होता. मी लेकीची सॅक मांडीवर घट्ट धरून बसले होते. कोणीही गल्लीत शिरलं की वाटायचं, यानेच तर नेलं नसेल?

पाच वाजून गेल्यावर दुकानवाल्या बाई आल्या. मला बघताच त्यांनी कपाळावर हात मारला, आत गेल्या आणि पावाच्या टोपलीखालून पाउच काढून आणलं. मग स्पॅनिशमध्ये मला चांगलंच फैलावर घेतलं. नवऱ्याने दोन्ही पासपोर्ट उघडून व्हिसाची पानं पुन्हा पुन्हा पाहिली आणि तिथेच, सगळ्यांदेखत, रडायला लागला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्याला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

अल्हाम्ब्रा राहूनच गेला.

घरी परतल्यावर महिन्याभरात नागपूरहून आईचा फोन आला. भाचीचं लग्न ठरलं होतं. "येशील ना गं?" तिने विचारलं.

"बघते," मी म्हणाले. हो म्हणायला मला आठ दिवस लागले.