त्यांना झोपडी पाहिजे होती

कॉलेज निवडताना नुसतं नाव बघू नये, आपल्या स्वभावाला ते मानवतं का हे बघावं, असं मला पहिल्यांदा एका जॅकेटवाल्याने सांगितलं. मे महिना, सोलापूर, आणि अंगात जॅकेट! तिथेच मी उठून यायला हवं होतं. पण एमबीएच्या प्रवेश परीक्षेत मला बरे गुण पडले होते आणि बाबांनी या उंटावरच्या शहाण्याची फी आधीच भरून टाकली होती. त्याने माझी एक चाचणी घेतली. आपण सिंह, घुबड की डॉल्फिन, हे म्हणे त्यातून कळायचं. चार दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात मी डॉल्फिन निघाले. डॉल्फिनला पुण्याचं अमुक कॉलेज अगदी फिट बसतं, असा निकाल त्याने दिला. त्याच्याकडे आलेले सगळेच प्राणी त्याच कॉलेजात फिट बसत होते, हे मागाहून कळलं.

तरी खोटं कशाला बोलू, ते कॉलेज मला हवं होतं. फायनान्स शिकायचं तर तिथेच, असं डोक्यात बसलं होतं. दुसरा पर्याय सोलापुरातलाच, स्कूटीवर जाऊन येण्यासारखा. खाली पतपेढी, वर वर्ग, आणि जिन्यात संस्थापकांचा हार घातलेला फोटो. संस्थापक हयात होते.

पुण्याच्या मुलाखतीला समोर तिघं बसले होते. माझ्या गुणांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आडनाव वाचून माझी गोष्ट त्यांनी आधीच रचली होती, मी फक्त मान डोलवायची होती. वडील काय करतात? विमा कंपनीत अधिकारी. आई? शाळेत मुख्याध्यापिका. ताटात वाढलेली पुरणपोळी कुणी उचलून न्यावी तसा मधल्या बाईंचा चेहरा पडला. मग आजोबा? गिरणीत होते, असं म्हणताच तो उजळला. एका खोलीत राहत होता ना तुम्ही, असं त्यांनी विचारलं. आजोबा राहायचे, मी नाही, असं मी म्हणाले. बाईंनी पहिले दोनच शब्द ऐकले.

निवड झाली, वर शिष्यवृत्तीही. फक्त माझ्या 'प्रवासा'वर एक छोटी फिल्म करायची होती, कॉलेजच्या वेबसाइटसाठी. त्याकरता कॅमेरा घेऊन एक मुलगी पुण्याहून आली. आमच्या हॉलमधला सोफा, एसी, बुद्धाची मूर्ती आणि दारातली गाडी बघून ती बिचारी खट्टू झाली. याच्या आधीचं घर आहे का, असं तिने अदबीने विचारलं. आजोबांची चाळीतली खोली अजून आमच्याकडेच होती, पण भाड्याने दिलेली. तिथे प्रवेश परीक्षांचे क्लास चालायचे. मी तसं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, तासाभरासाठी क्लासचा बोर्ड काढून ठेवता येईल का?

बाबा इतका वेळ पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली ठेवला.

"त्या खोलीतून बाहेर पडायला माझ्या वडिलांची हयात गेली," ते म्हणाले. "फोटोसाठी तिला परत आत नेऊ नका."

माझा मामेभाऊ त्या दिवशी आमच्याकडेच उतरला होता. उजनीच्या पाण्याकाठी मामाची केळी आणि ऊस आहे. भाऊही तीच परीक्षा देऊन त्याच कॉलेजच्या प्रतीक्षायादीत लोंबकळत होता. मला स्वयंपाकघरात बोलावून तो म्हणाला, "ताई, दिऊन टाक की झोपडी. आपल्या बापाचं काय जातंय?"

बापाचं काय जातं ते बापाने आत्ताच सांगितलं, असं मी म्हणाले. तो हसला आणि कॅमेरावाल्या मुलीला मोटारसायकलवरून स्टेशनला सोडायला गेला. बराच वेळ परत आला नाही.

पुढच्याच आठवड्यात मुलाखतीतल्या त्या बाईंचा फोन आला. संस्थेच्या मूल्यांशी मी तितकीशी जुळत नाही, असं त्यांना वाटत होतं. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी सगळ्यांना सांगत हिंडले, पण आतून जळत होते. मग सोलापूरच्या कॉलेजात गेले. तिथल्या संचालकांनी माझी मुलाखत फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलता बोलता घेतली. मध्येच लग्न ठरलं तर हजेरीचं बघू, एवढंच आश्वासन दिलं. दोन वर्षं सर पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवत होते. स्वभावाला मानवणारं कॉलेज ते नव्हतंच, पण तिथे मला कुणी गरीब व्हायला सांगितलं नाही.

पहिल्याच वर्षी दिवाळीत मामाकडे गेले. भाऊ एव्हाना पुण्यात होता, माझ्या जागेवर, माझ्या शिष्यवृत्तीवर. त्याची फिल्म गावभर झाली होती, पण मामाच्या साध्या फोनवर ती दिसत नव्हती. तुझ्या फोनवर दाखव, असं मामा मला म्हणाला. आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो. गावातलं पहिलं दुमजली घर ते. केळीचा पैसा साठवून मामाने बांधलं, फरशी स्वतः सोलापूरला येऊन निवडली, ट्रॅक्टरमधून उभ्याने धरून नेली.

फिल्ममध्ये घर नव्हतं. पाणी उपसायच्या मोटारीची पत्र्याची खोली होती. तिच्या दारात भाऊ उभा होता, मळका शर्ट घालून. याच खोलीत मी लहानाचा मोठा झालो, कंदिलाच्या उजेडात शिकलो, असं तो सांगत होता. त्याच्या डोक्यावरून विजेच्या जाड तारा आत गेलेल्या स्पष्ट दिसत होत्या. पण ज्यांना झोपडी पाहिजे असते त्यांना तारा दिसत नाहीत. मागे केळीची बाग होती, आणि बागेपलीकडचं घर कॅमेऱ्याने सफाईने टाळलं होतं.

मामाने फिल्म पुरी बघितली. मग पुन्हा लाव म्हणाला. दुसऱ्यांदा बघताना त्याचा हात ओट्याच्या फरशीवरून फिरत होता.

"पोरी, आमी त्या खोलीत ऱ्हात हुतो व्हय?"

नाही मामा, मी म्हणाले.

"मंग ह्ये घर मी कुणासाटी बांधलं?"