कावडीला खांदा

बैलगाडीत पेटी चढली तेव्हा सासरे एवढंच बोलले, "पान्याबिगर दुसरं काय पिऊ नगा. बाकी तुमी शहानी हायत." मी रडले नाही. नगर स्टेशन गाठायचं होतं. लढाईचे दिवस होते, कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात आमच्या ह्यांना फिटरच्या हाताखाली काम मिळालं होतं.

आपल्या गावात आजे-पणज्यांपासून कुणी दारू पीत नाही. त्यामुळे प्यालेला माणूस कसा दिसतो हेच मला ठाऊक नव्हतं. कारखान्याच्या चाळीत पहिल्याच आठवड्यात शेजारचे बॉयलरवाले दारात कोसळले. वैशाख होता, मला वाटलं, ऊन लागलं. कांदा ठेचून त्यांच्या तळपायांना चोळला, पन्हं पाजलं, डॉक्टरला बोलवा म्हणून ओरडले. त्यांची बायको म्हणाली, "बाई, ह्यांना रोज दिवस बुडाल्यावरच ऊन लागतं." सगळी चाळ हसली. पुढे मला 'कांदेवाली'च म्हणत.

पुढल्या होळीला हे तसेच पिऊन, झोकांड्या खात घरी आले. आता मला ओळखता येत होतं. मी कांदा पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "तुमालाबी ऊन लागलं का?"

सकाळी म्हणाले, "एकदाच झालं. गावात कोन सांगनार हाय?"

"कोन न्हाई," मी म्हणाले. "पर चैत्रात कावड हाय."

तुम्हा गावकऱ्यांना हे माहीत आहे, पण बाहेर वाढलेल्या आपल्या पोरांसाठी लिहिते. चैत्रात आपली माणसं प्रवरासंगमाहून भैरोबासाठी गोदावरीचं पाणी कावडीनं पायी आणतात. कावड भुईला टेकत नाही. या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते. वर्षात ज्यानं दारूला तोंड लावलं, त्यानं खांदा द्यायचा नाही. विचारत कुणीच नाही.

त्या चैत्रात आम्ही दोघं गावी आलो. शिवेवर आम्ही बाया आरत्या घेऊन उभ्या होतो. सासरे कावड घेऊन आले आणि ह्यांना म्हणाले, "घे, आता तुझी पाळी."

हे दोन पावलं मागं सरले. अख्खं गाव बघत होतं. सासऱ्यांनी कावड नुसती दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि लेकाच्या वाट्याचं अंतरही तेच चालले. मला लाज वाटायला हवी होती. माझी मान ताठ होती. खोटा खांदा द्यायला काहीच लागलं नसतं.

त्याच्या पुढल्या चैत्रात हे आपलं अंतर चालले आणि वडलांचंही.

आज आमचं घर कोपरगावकडच्या त्या चाळीतच आहे, तिथलंच रेशनकार्ड. चाळीतल्या निम्म्या बायका अजून दिवस बुडाला की दाराकडे बघत बसतात. मी निवांत भाकरी थापत असते. आपलं गाव माझ्याबरोबर आलं ते एवढं, आणि ते मला पुरतं.